उत्तरार्ध आणण्यासाठी कल्याणपर्यंत

काशी-रामेश्वर करून आलेल्या माणसाने प्रवासाची हकीकत लिहावी, हे रीतीला धरून आहे. मी गेलो ठाणे-कल्याणास. बोरीबंदरास आगगाडीत बसले तर न्याहारी पचायच्या आत माणूस कल्याणला उतरतो, आणि त्यात लिहिण्यासारखे काय, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण गेल्या हिवाळ्यात, गाठीच्या तापाने मुंबई ओस पडली असताना, तो पल्ला मला काशीहूनही लांब पडला. त्या दिवसांत जे आपापल्या गावी सुखरूप होते, त्यांच्यासाठी हे लिहितो.

आधी जाण्याचे कारण. कॉलेजात असताना मी आणि माझा मित्र विनायक मिळून 'काव्यपर्ण' नावाचे मासिक काढत होतो. नव्या लोकांच्या नव्या कविता आणि परभाषेतल्या कवितांची भाषांतरे, एवढेच त्यात असे. संस्कृत आणि इंग्रजीवरून भाषांतर करणारे मागू तितके मिळत. फारशीवरून करणारा एकच होता, कल्याणचे इब्राहीम मुनशी. ते तिथल्या शाळेत फारशी शिकवीत. एका जुन्या फारशी काव्याचे त्यांनी मराठी केले होते. एका शहरातली नदी आटते. तिथला एक आंधळा म्हातारा तिला परत बोलावून आणायला निघतो. गाव त्याच्यामागे चालू लागते आणि वाटेत एकेक जण गळत जातो. म्हातारा एकटा उरतो, इथे पूर्वार्ध संपतो.

हा पूर्वार्ध आम्ही छापला. त्यात नदी निघून गेली यासाठी मुनशीजींनी 'ओहोटली' असे लिहिले होते. पुण्याच्या एका विद्वानाने त्यावर पत्र धाडले, "नदीला ओहोटी असते हे नवीनच भूगोलज्ञान!" पण त्या पत्राच्या मागोमाग इतर वाचकांची जी पत्रे आली, तशी आमच्या मासिकाला कधी आली नव्हती. सगळ्यांचे विचारणे एकच, म्हाताऱ्याला नदी भेटते का?

मग ताप आला. कॉलेज बंद झाले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सांगितले की पुढील वर्षापासून मासिकास कॉलेजचा आधार राहणार नाही. आमचा अखेरचा अंक गिरगावातल्या छापखान्यात खिळ्यांत जुळवून उभा होता. फक्त उत्तरार्धाची पाने राखून ठेवली होती. छापखान्याचे मालक कुटुंब घेऊन गावी निघाले होते. ते म्हणाले, "अमावास्येपर्यंत मजकूर आणा. नाहीतर मी खिळे सोडायला सांगतो. माणसं सुटत चाललीत, तिथं खिळे किती दिवस धरून ठेवू?"

मुनशीजींना पत्रे टाकली, उत्तर आले नाही. टपालावर त्यांचा भरवसा नव्हताच. लिखाण ते नेहमी हातीच देत. म्हणून मी निघालो.

ठाणे

विनायक कॉलेज बंद झाल्यापासून ठाण्यास आपल्या घरी होता. ते लोक कायस्थ प्रभू, वडील कचेरीत. घर मासुंद्या तळ्यापासून फार दूर नाही. मी दारात उभा राहिलो तेव्हा विनायकच्या आईंनी आधी मला अंगणातच थांबवून पायांवर कढत पाणी ओतले, कपडे बदलायला लावले, आणि मग म्हणाल्या, "रागावू नकोस हो माधव. आता पोटच्या पोरालाही असंच घेते मी घरात."

जेवायला वालाचे बिरडे होते, ओल्या नारळात शिजवलेले. आम्ही वाईकडचे लोक. आमच्याकडे वाल म्हणजे दुष्काळातले कडधान्य. इथे आदल्या दिवसापासून ते भिजवून, मोड आणून, एकेक सोलून बायका बसतात. दरवेळी मी त्या बिरड्यावर ताव मारी आणि आई हसत. या खेपेला त्यांनी वाढले, आणि मी खाल्ले, पण आई हसल्या नाहीत. कारण ते सोलायला त्यांच्या जोडीला बसणारी विनायकची बायको कार्तिकात गेली होती.

विनायक झोपाळ्यावर बसून होता. त्याच्याजवळ आमच्या मागच्या अंकाच्या परत आलेल्या प्रती पडल्या होत्या. टपालवाल्यांनी वेष्टणांवर शेरे मारले होते, 'गाव सोडून गेले', 'पत्ता लागत नाही', आणि बऱ्याच ठिकाणी नुसते 'मयत'.

"हे आपले वाचक," तो म्हणाला.

"सगळे नव्हेत."

"उरलेल्यांना कविता हवी आहे असं तुला वाटतं? अरे माधवा, मला काय वाटतं सांगू? मी तिच्यावर कविता लिहायला बसलो. चार ओळी झाल्या. यमक चांगलं जुळलं म्हणून मला आनंद झाला. आनंद! तेव्हाच लेखणी ठेवली मी. पुन्हा धरणार नाही."

मी म्हणालो की निदान हा अंक पुरा करू. मुनशीजींचे काव्य अर्धे ठेवून मरायचे नाही.

"ते तुझ्यासाठी," तो म्हणाला. "तू जा. माझं नाव मात्र अंकावर घालू नकोस."

ज्याच्याबरोबर हे मासिक उभे केले त्याने असे म्हणावे! मी दुसऱ्या खोलीत जाऊन पडलो. झोपाळ्याच्या कड्या बराच वेळ करकरत होत्या.

खाडीतून

आगगाडीने जावे तर मुंबईहून आलेल्याला कल्याण स्टेशनावर उतरवून छावणीत ठेवीत. किती दिवस ठेवतील याचा नेम नाही, आणि अमावास्या तर जवळ आली होती. विनायकच्या वडिलांनी कचेरीतून माझ्यासाठी एक परवान्याची चिठ्ठी मिळवली आणि कल्याणास मीठ घेऊन जाणाऱ्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, मला बसवून दिले. मचव्याचा तांडेल जोमा नावाचा, दिव्याकडच्या एका आगरी गावचा. मिठाच्या राशीवर गोणपाट टाकून त्याने मला बसायला जागा केली.

"भटजी, कल्यानला कनाला जाता? तिथशी तं लोकां पलतान."

मी भिक्षुक नाही हे त्याला सांगायचा प्रयत्न केला, पण त्याने अखेरपर्यंत मला भटजीच म्हटले.

घाटावरच्या माणसाला ही खाडी नवलाची वाटते. आमची कृष्णा एकाच दिशेला जाते. इथले पाणी समुद्राकडून आत येते आणि काही तासांनी निघून जाते, आणि लोक आपले येणेजाणे, लगीनकार्य, बाजार सगळे त्यावर बेततात. उजव्या हाताला कळव्याची भातखाचरे, मग पारसिकाचा काळा डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेला. मिठागरांत मीठ पांढरे शुभ्र पडून होते, पण ते ओढायला माणूस दिसत नव्हता. पुलावरून आगगाडी गेली, तिचे डबे जवळजवळ रिकामे.

"आमचे गावान कोनाला येव देत नाय," जोमा सांगू लागला. "वाटंवर काटं टाकल्यान. माजी बहीन शीलला दिल्ये. तिचा घो मेला. ती पोरांना घेवन आली तं गाववाल्यांनी तिला काट्यांचे तिकरं ठेवली."

"मग?"

"मंग कं? मी हिकरशी भाकर टाकतो, ती तिकरशी उचलते."

हे त्याने शिडाची दोरी ओढता ओढता सांगितले. मी ऐकले होते की आगरी लोकांत लग्नात बायका धवला म्हणून गाणी गातात. त्याची म्हातारी आई अशी धवले गाणारी होती, हे त्याच्या बोलण्यात आले. आमच्या मासिकात अशी गाणी छापावीत असे माझ्या मनात फार दिवस होते. मी त्याला म्हटले, तुला येत असेल तर एखादा म्हणून दाखव.

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी काही अभद्र बोललो असे मला वाटले. "लगीन नाय, आनि धवला कसा म्हनू? या वर्सी गावान येक लगीन झाला नाय. असा उगाच म्हनू नये, भटजी."

दिवा गाव मागे पडले आणि ओहोटी लागली. भरतीच्या हिशोबात जोमाची काही चूक झाली असावी, कारण मचवा कुठेतरी डोंबिवलीच्या अलीकडे चिखलात रुतून बसला. उन्हात आम्ही तसेच बसून राहिलो. मी शहाणपणा करून काठापर्यंत चालत जायला उतरलो, तो मांडीपर्यंत गेलो. जोमाने वल्हे पुढे करून मला ओढून काढले. पायांतला जोडा मात्र चिखलानेच ठेवून घेतला. जोमा हसला, मीही हसलो. सगळ्या प्रवासातले तेवढेच हसणे. मग त्याने तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील काढले, माझ्याकडे पाहून बोंबील बाजूला ठेवले आणि मला मिठाबरोबर अर्धी भाकरी दिली. आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ती कापडासारखी मऊ. मी ती सगळी खाल्ली. पाणी पुन्हा चढले तसे आम्ही निघालो आणि उन्हे कलायच्या आत दुर्गाडीच्या किल्ल्याखाली लागलो.

कल्याण

बंदरावरच्या शिपायाने चिठ्ठी पाहिली, माझे अनवाणी पाय पाहिले, आणि जाऊ दिले.

कल्याणात मी पूर्वी दोनदा आलो होतो. मुनशीजींच्या घरी जाण्याचा एक शिरस्ता ठरून गेला होता. मी ब्राह्मण, म्हणून ते माझ्या जेवणाची सोय शेजारच्या आळीतल्या जोश्यांकडे करीत. जेवून मी परत येई, आणि मग त्यांच्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत आम्ही कविता वाचत बसू. दाराच्या पडद्याआड त्यांची बायको असे. सकीनाबी तिचे नाव. ती दिसत नसे, पण मध्येच तिचा आवाज येई, "असा कोन बोलतंय?" की मुनशीजी ताबडतोब तो शब्द खोडीत. मला वाटे, बायकोचे मन राखायला करतात.

या खेपेस रस्ते रिकामे होते. काही दारांवर तापाची खूण म्हणून तांबड्या रंगाने वर्तुळे काढली होती. घरांच्या छपरांवरची कौले उतरवून ठेवली होती, आत ऊन पडावे म्हणून. घराला छप्पर नसले म्हणजे किती लाज वाटते ते मला त्या दिवशी कळले. कोणाची चूल, कोणाचे देवघर, कोणाची जाते ठेवायची जागा, सगळ्यावर लख्ख ऊन. जोश्यांच्या दाराला कुलूप होते. मुनशीजींच्या ओसरीवर चुना टाकलेला होता आणि घराची जमीन उकरून काढलेली होती.

मशिदीजवळ एक म्हातारी बसली होती. तिला विचारले. ती म्हणाली, "मुनशी मालावर हाय, झोपरीन. सकीना गेली ना त्याची."

गावाबाहेर, शेणाळ्या तळ्याच्या पलीकडच्या माळावर लोकांनी तट्ट्यांच्या झोपड्या घातल्या होत्या. हिंदू-मुसलमान, उदमी-बलुतेदार, सगळे एकाच माळावर. मुनशीजी एका झोपडीच्या तोंडाशी बसले होते. दाढी पार पांढरी झाली होती. मला पाहून ते उठले.

"या माधवराव. पायांत काय झालं?"

मी जोड्याची हकीकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग आतून सुनेला हाक मारून पाणी मागवले. तिने तांब्या आणि थोडे खजूर आणून ठेवले. "आज जोश्यांकडे पाठवता येत नाही," ते म्हणाले. मी पाणी प्यालो, खजूर खाल्ले.

सकीनाबींबद्दल त्यांनीच सांगितले. आजार थोडाच वेळ चालला. शेवटच्या दिवसांत ती उत्तरार्ध पुन्हा पुन्हा वाचून घेई. कागद तिच्या उशाखाली असत. "मी तिला मूठमाती द्यायला गेलो होतो. मागं तपासणीची माणसं आली. आजाऱ्याचं अंथरूण जाळायचं, हा हुकूम. माझ्या मुलाला विचारलंसुद्धा त्यांनी, यात ठेवण्यासारखं काही आहे का? त्याला कुठं ठाऊक. तो म्हणाला, काही नाही."

"सगळं?"

"सगळं. वाईट माणसं नव्हती हो. मी परत आलो तेव्हा एकजण चुना टाकीत होता, त्यानं मला सलाम केला."

माळावर कोणाची तरी शेळी ओरडत होती. मग मी, मासिकाचा संपादक, विचारू नये ते विचारले. "मुनशीजी, पाठ असेल ना? आपण म्हणा, मी लिहून घेतो."

"फारशी आहे," ते म्हणाले, आणि डोळे मिटून म्हणू लागले. मला फारशी येत नाही. पण एवढे कळले की ते कुठेही अडखळत नव्हते. शेजारच्या झोपडीतली माणसे बाहेर येऊन उभी राहिली. मग त्यांनी मराठी म्हणायला सुरुवात केली. दोन ओळी आल्या, तिसरी अर्धी आली, आणि ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हटले. पुन्हा तिथेच थांबले.

"नाही येत," ते म्हणाले. "माधवराव, मी शाळेत शिकलेलं मराठी लिहितो. मी एक ओळ करीत असे, ती म्हणे, असं कोणी बोलत नाही. मग कसं बोलतात ते ती सांगे. नदी ओहोटते, हे तिचं. तुम्ही पुण्याच्या विद्वानाचं पत्र दाखवलं होतं, तेव्हा किती हसली होती ती! म्हणाली, त्याला म्हणावं कल्याणला ये आणि बघ." मग म्हणाले, "फारशी माझी होती. मराठी तिची."

माझा धीर सुटत चालला होता. मी म्हणालो, "मग आपण अर्थ सांगा. मी मराठीत बसवतो. मी काही अगदी अडाणी नाही."

त्यांनी मान डोलावली. आम्ही बसलो. ते एकेक बेत, म्हणजे दोन ओळींची जोडी, फारशीत म्हणत, अर्थ सांगत, आणि मी लिहीत असे. मी जीव ओतून लिहिले. आजवर शिकलेले सगळे छंद, सगळे शब्द मी त्या माळावर पणाला लावले. काही पाने झाल्यावर मी त्यांना वाचून दाखवले.

त्यांनी फार अदबीने ऐकले. मग म्हणाले, "बरोबर आहे. व्याकरण अगदी शुद्ध आहे."

मी वाट पाहिली. पडद्याआडून जो आवाज यायचा तो येण्याची ते वाट पाहत आहेत, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. मी कागद मिटले. त्यांनीही हरकत घेतली नाही.

काव्याचा शेवट मात्र त्यांनी मला सांगितला. म्हातारा नदीपर्यंत पोचतो. हाताने चाचपून पाणी ओळखतो, पितो. पण परत जायची वाट त्याला सांगायला आता कोणी उरलेले नसते. म्हणून तो तिथेच बसतो आणि आपल्या गावाचे वर्णन नदीला सांगत राहतो.

"फारशीत हे सांगायला शेवटची फार थोडी वचनं आहेत," ते म्हणाले. "ती ऐकून सकीना म्हणाली होती, हे मराठीत करायला मला एक पावसाळा दे. दिला. झालंही होतं."

निघताना त्यांनी मुलाचा जुना जोडा मला घालायला दिला. तो थोडा मोठा होत होता. मी नको म्हणत होतो, ते म्हणाले, "माळावर काटे आहेत."

परत

परतताना आगगाडीनेच आलो. मुंबईकडे जाणाऱ्याला अडवण्यात कोणाला रस नव्हता. कल्याण स्टेशनावर डॉक्टरने काखा चाचपल्या, जीभ पाहिली, पुढच्याला बोलावले. ठाण्यास उतरून विनायकला सगळे सांगितले. तो म्हणाला, "तू लिहिलेलं दाखव." मी दाखवले. त्याने वाचले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे चांगले मत असते तर त्याने तसे केले नसते.

गिरगावात येऊन छापखान्याच्या मालकांना सांगितले की मजकूर नाही. ते म्हणाले, "बरं." त्यांची बैलगाडी दारात उभी होती, वर भांडीकुंडी बांधलेली. 'काव्यपर्ण'चा अखेरचा अंक निघाला नाही. मुनशीजींना मी नंतर दोनदा लिहिले. उत्तर नाही. ते आहेत की नाहीत, हे मला ठाऊक नाही, आणि कल्याणास जाऊन विचारण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

पावसाळ्यानंतर कॉलेज उघडले. मासिक का बंद पडले हे तिथे मला कोणी विचारले नाही. एक दिवस मात्र एक गृहस्थ माझा पत्ता काढीत आले. अलिबागेकडच्या एका शाळेत मास्तर होते. डोक्यावरचे केस नुकते वाढू लागलेले. घरात कोणीतरी गेले असावे. मी विचारले नाही. ते म्हणाले, "आपल्या मासिकात एका आंधळ्या म्हाताऱ्याचं काव्य अर्धं आलं होतं. पुढचा अंक आम्हांस पोचला नाही. त्याचा शेवट काय होतो, तेवढं जाणून घ्यायचं होतं."

मी त्यांना बसवले आणि सांगितले. म्हातारा नदीपर्यंत पोचतो, पाणी पितो, परतीची वाट त्याला ठाऊक नसते, म्हणून तो तिथेच बसून नदीला आपल्या गावाबद्दल सांगतो.

ते पुढे झुकून ऐकत होते. माझे बोलणे संपल्यावरही तसेच झुकून राहिले.

"एवढंच?" त्यांनी विचारले.

"हो," मी म्हणालो. "एवढंच."